बैठकीच्या खोलीत समुद्र आणण्यापूर्वी

२००३ साली ‘फाईंडिंग नीमो’ हा चित्रपट आला आणि नारिंगी अंगावर पांढरे पट्टे असलेला क्लाऊन मासा मुलांच्या ओळखीचा झाला. त्याआधी शोभेचे मासे म्हटले की बरणीतला गोल्डफिश किंवा दवाखान्यातली दोन फुटी काचपेटी एवढेच चित्र डोळ्यांसमोर येई. आता नवे घर बांधताना दिवाणखान्याच्या आराखड्यातच सहा फुटी समुद्री टाकीची जागा राखून ठेवणारी हौशी मंडळी भेटतात. निळसर उजेड, डोलणारे रंगीत प्रवाळ, त्यातून सुळकन निघून जाणारे मासे. इंटरनेटवरचे हे चित्र पाहून कोणालाही भुरळ पडावी.

हौस वाईट नाही. मात्र गोड्या पाण्याच्या टाकीत मीठ घातले की समुद्र झाला, असा समज असेल तर तो खर्चात आणि मनस्तापात पाडणारा आहे. सहा फुटांची समुद्री टाकी हे फर्निचर नव्हे. घराच्या जमिनीवर टनभर ओझे, वीजबिलात कायमची भर, आणि दहा-पंधरा वर्षे जगू शकणाऱ्या जिवांची जबाबदारी असा हा संसार आहे. शिवाय चित्रातले जिवंत दगडी प्रवाळ आपल्या देशात घरात ठेवण्यापूर्वी कायद्याचाही विचार करावा लागतो. म्हणून दुकानात जाऊन मासे पाहण्याआधी घरात बसून काय ठरवायचे, याचा हा आढावा.

पोवळे, हवळ आणि रीफ

मराठीत पोवळे आणि कन्नडमध्ये हवळ. दोन्ही शब्द ऐकताच भाऊबंद वाटतात. आजीच्या अंगठीतला तांबडा खडा एवढीच आपली पोवळ्याशी ओळख असते. प्रत्यक्षात तो खडा म्हणजे एका सूक्ष्म प्राण्याच्या वसाहतीचा सांगाडा. कन्नडमध्ये ज्याला हवळद दिब्ब म्हणतात ते प्रवाळ बेट किंवा ‘रीफ’ म्हणजे अशा लाखो प्राण्यांनी पिढ्यान् पिढ्या चुन्याचे घर बांधून उभी केलेली वस्ती. या प्राण्यांच्या शरीरात अतिसूक्ष्म शैवाल राहते. ते उजेडावर अन्न तयार करते व त्यातला मोठा वाटा प्रवाळाला देते. पाणी सतत जास्त तापले की प्रवाळ हे शैवाल बाहेर टाकतो, पांढराफटक पडतो आणि पुष्कळदा मरतो. १९९८ साली समुद्र तापला तेव्हा लक्षद्वीपच्या प्रवाळांची अशीच मोठी हानी झाली होती.

प्रवाळ पाहायला आपल्याला फार दूर जावे लागत नाही. मुरुडेश्वरसमोरचे नेत्राणी बेट, गोव्याचे ग्रँड आयलंड, मालवणचे सागरी अभयारण्य ही सारी ठिकाणे बेळगावकरांच्या एका-दोन दिवसांच्या सहलीतली. मालवणचे अभयारण्य १९८७ साली जाहीर झाले. विजयदुर्गापासून शंभर किलोमीटरहून अधिक आत समुद्रात अँग्रिया बँक नावाचा बुडालेला प्रवाळपठार आहे. त्याला नाव मिळाले ते कान्होजी आंग्र्यांचे.

इतक्या जवळ आहे म्हणून तिथला एखादा तुकडा पिशवीत घालून आणावा, असे मात्र मनातही आणू नये.

कायदा काय म्हणतो?

वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा. आपल्याला तो वाघ-हत्तींचा म्हणून माहीत असतो. २००१ साली या कायद्याच्या अनुसूची एकमध्ये सर्व दगडी प्रवाळ, काळे प्रवाळ, समुद्रपंखे, अग्निप्रवाळ आणि ऑर्गन पाईप प्रवाळ यांचा समावेश झाला. म्हणजे संरक्षणाच्या दृष्टीने हा चिमुकला जीव वाघाच्या पंगतीला बसला. २०२२ च्या दुरुस्तीनंतरही प्रवाळांचे संरक्षण कायम आहे. अनुसूची एकमधील प्राण्याबाबतच्या गुन्ह्याला तीन ते सात वर्षांच्या कैदेची आणि दंडाची तरतूद आहे. समुद्री घोडा, समुद्री काकडी, मोठे शिंपले आणि काही जातींचे शंख यांनाही कायद्याचे संरक्षण आहे. जिवंतच नव्हे, मेलेल्या प्रवाळाचा सांगाडा बाळगणेही अडचणीचे ठरते. किनाऱ्यावरून उचललेले ‘शोभेचे पांढरे दगड’ टाकीत घालण्याची प्रथा म्हणूनच सोडून द्यायला हवी.

“हे इंडोनेशियाचे आहे, आपल्याकडचे नाही,” असे दुकानदार सांगतो. परदेशी दगडी प्रवाळांच्या व्यापारावर ‘साइट्स’ या आंतरराष्ट्रीय कराराचे बंधन आहे आणि २०२२ च्या दुरुस्तीने अशा परदेशी जीवांची नोंदणी आपल्या कायद्यात आणली. आयातीची कागदपत्रे आणि पक्के बिल हाती नसेल तर तुकडा कुठल्या समुद्रातला हे पाहून सांगता येत नाही, आणि उत्तर द्यायची पाळी दुकानदारावर नव्हे, ज्याच्या घरात टाकी आहे त्याच्यावर येते. मऊ प्रवाळांपैकी सगळेच अनुसूचीत नाहीत. तरीही शंका असेल तर आधी वनखात्याच्या कार्यालयात लेखी विचारणा करावी. बटणासारखे दिसणारे काही मऊ प्रवाळ आणखी एका कारणाने घरात नकोत. त्यांच्यातील पॅलिटॉक्सिन हे विष अत्यंत तीव्र असते. असे प्रवाळ चिकटलेले दगड स्वच्छ करण्यासाठी गरम पाण्यात उकळल्याने घरातील माणसे वाफेने आजारी पडून इस्पितळात दाखल झाल्याची उदाहरणे परदेशात घडली आहेत. लहान मुले असलेल्या घरांनी हे लक्षात ठेवावे.

मग काय उरले? पुष्कळ उरते. भाजलेल्या मातीचे किंवा सिमेंट-चुन्याचे सच्छिद्र कृत्रिम खडक, त्यांच्यावर कालांतराने चढणारा जांभळा शैवालाचा थर, बनावटी प्रवाळ आणि हॅचरीत वाढलेले मासे. पाणी, लाट, खडक, मासे हे सारे खरेच असते. फक्त प्रवाळ समुद्रातच राहतो. अशा टाकीला उजेड कमी लागतो, वीज कमी लागते आणि रसायनांची रोजची कसरत वाचते. पुढचे सारे नियोजन अशाच टाकीचे आहे.

हे तंत्र आले कुठून?

समुद्री मासे घरात जगवणे पूर्वी जवळजवळ अशक्य मानले जाई. १९६१ साली जकार्ताच्या ली चिन एंग यांनी एका अमेरिकन मासिकात आपली पद्धत मांडली. समुद्रातले जिवंत खडक, हवेचे बुडबुडे आणि सूर्यप्रकाश, बाकी विशेष काही नाही. खडकाच्या छिद्रांत राहणारे जिवाणू पाणी शुद्ध ठेवतात हे त्यांनी दाखवून दिले. पुढे जर्मनीतल्या हौशी मंडळींनी याच खडकांना फेस काढणाऱ्या यंत्राची जोड दिली. ती ‘बर्लिन पद्धत’ म्हणून ओळखली जाते. १९८६ च्या सुमारास जॉर्ज स्मिट यांच्या लेखांमुळे छोट्या रीफ टाकीची कल्पना अमेरिकेत लोकप्रिय झाली. या साऱ्या इतिहासाचे सार एवढेच की टाकीतले खरे काम खडक आणि त्यावरचे जिवाणू करतात. यंत्रे त्यांच्या मदतीला असतात.

आधी जमीन

उदाहरणासाठी सहा फूट लांब, दोन फूट रुंद, दोन फूट उंच टाकी घेऊ. आकारमान २४ घनफूट, म्हणजे काठोकाठ भरल्यास सुमारे ६८० लिटर. खडक-वाळूची जागा आणि वरची मोकळी पट्टी वजा करून, तळटाकीतले पाणी धरून एकूण पाणी अंदाजे ७०० लिटर भरते. हिशेब असा: खारे पाणी ७१७ किलो, बारा मिलिमीटर काचेची टाकी सव्वाशे किलो, खडक आणि वाळू सव्वाशे किलोच्या आसपास, स्टँड व तळटाकी मिळून आणखी सव्वाशे. बेरीज सुमारे अकराशे किलो.

भारतीय मानकानुसार राहत्या खोलीचा स्लॅब चौरस मीटरला साधारण दोनशे किलो चल भार धरून आखतात. आपली टाकी सव्वा चौरस मीटरपेक्षाही कमी जागेत अकराशे किलो टेकवते. अठरा धडधाकट माणसे सहा बाय दोनच्या पट्ट्यात खांद्याला खांदा लावून वर्षानुवर्षे उभी आहेत, अशी कल्पना करा. टाकी भिंतीलगत, खालच्या तुळईला आडवी, म्हणजे एकाहून अधिक तुळयांवर भार जाईल अशी ठेवता येते. पण ते ठरवायचे काम स्ट्रक्चरल इंजिनिअरचे. वरच्या मजल्यावर त्याच्या सल्ल्याविना टाकी नको. कडीपाटाच्या किंवा लाकडी तक्तपोशीच्या जुन्या वाड्यात माडीवर तर मुळीच नको.

तळमजला सर्वांत उत्तम. तरी शहाबादी फरशीखाली मातीची भर असेल तर ती एका बाजूने खचते आणि टाकी तिरपी होते. तेवढ्या जागेची फरशी काढून काँक्रीटचा थर द्यावा. गवंड्याच्या लेव्हल पाईपने चारही कोपरे तपासावेत. स्टँड लोखंडी अँगलचा करायचा तर उद्यमबागेत वेल्डिंगचे कसबी कारागीर मिळतात. रेड ऑक्साईडवर भागवू नये, पावडर कोटिंग करून घ्यावे. मिठाची हवा लोखंड कुरतडते. टाकी आणि स्टँडमध्ये थर्माकोलचा किंवा फोमचा पातळ थर हवा, म्हणजे काचेवर एका बिंदूत ताण येत नाही.

जागा निवडताना खिडकीचे थेट ऊन टाळावे, त्याने हिरवे शेवाळ माजते. मागे अर्धा-पाऊण फूट मोकळे सोडावे, नाहीतर पुढे पाईप गळला की हात जात नाही. टाकीतून उन्हाळ्यात दररोज पाच-सात लिटर पाणी वाफ होऊन खोलीत जाते. आपल्याकडच्या पावसाळ्यात भिंती आधीच ओलसर असतात. त्यात ही भर पडली की बुरशी धरते. एक्झॉस्ट पंख्याची सोय आधीच करावी.

वरची टाकी, खालची टाकी

मोठ्या टाकीच्या पोटात, स्टँडमध्ये, आणखी एक टाकी असते. तिला ‘संप’ म्हणतात. वरचे पाणी काचेच्या कंगव्यावरून ओसंडून पाईपने खाली येते, तिथे गाळले जाते आणि पंपाने पुन्हा वर चढते. हीटर, फेसयंत्र, मोजमापाची साधने खाली लपतात. तासाला तीन-साडेतीन हजार लिटर पाणी चढवणारा पंप या मापाला पुरतो. आतल्या आत पाणी खेळते ठेवण्यासाठी दोन वेव्हमेकर वेगळे.

वीज गेली की पंप थांबतो आणि वरचे पाणी खाली येते. सहा बाय दोनच्या टाकीत एक इंच पाणी म्हणजे २८ लिटर. दोन इंच उतरले तर ५६ लिटर. तेवढी जागा तळटाकीत कायम रिकामी हवी, नाहीतर दिवाणखान्यात गालिचा तरंगेल. पाणी चढवणाऱ्या पाईपचे तोंड पृष्ठभागाच्या जरा खालीच ठेवावे आणि त्याला एक छिद्र पाडावे, म्हणजे उलटा सायफन लागत नाही. टाकी बसवल्यावर माशांचा विचार करण्याआधी पंप दहा वेळा बंद-चालू करून ही परीक्षा घ्यावी. काचेचे जोड मत्स्यपेटीसाठीच्या सिलिकॉननेच भरलेले असावेत आणि साध्या पाण्याने भरून आठवडाभर गळती तपासावी.

फेसयंत्राला इंग्रजीत प्रोटीन स्किमर म्हणतात. गुऱ्हाळात उसाचा रस काहिलीत उकळताना वर मळी येते आणि ती झाऱ्याने काढतात, तेव्हाच गूळ स्वच्छ होतो. स्किमर हेच करतो, फक्त आगीऐवजी बारीक बुडबुड्यांनी. माशांची विष्ठा आणि उरलेले अन्न कुजून विष होण्याआधीच त्यांतला बराचसा मळ फेसाबरोबर वरच्या पेल्यात जमतो. पेला दोन-तीन दिवसांनी धुवावा.

पाणी आणि मीठ

“गोवा तर जवळच, टँकरभर समुद्राचे पाणी आणू,” हा सल्ला हमखास मिळतो. किनाऱ्याजवळचे पाणी नद्यांच्या मुखांमुळे, बोटींच्या डिझेलमुळे आणि सांडपाण्यामुळे भरवशाचे नसते. पावसाळ्यात त्याचा खारेपणाही खूप उतरतो. घरचे मीठ तर चालणारच नाही. त्यात आयोडीन आणि गुठळ्या न होण्यासाठीचे पदार्थ असतात. समुद्राच्या पाण्यातले कॅल्शियम, मॅग्नेशियम नसतात. मत्स्यपेटीसाठी तयार मिळणारे समुद्री मीठच घ्यावे. लिटरला सुमारे ३६ ग्रॅम, म्हणजे पहिल्या भरतीला २५ किलो. पुढे पंधरा दिवसांनी दहा टक्के पाणी बदलायचे म्हटले तर महिन्याला पाच किलो, वर्षाला साठ किलो. अंदाजपत्रकात हा आकडा पहिल्या दिवशीच लिहावा.

मीठ ज्यात मिसळायचे ते पाणी शुद्ध हवे. राकसकोप किंवा हिडकलचे नळाचे पाणी पिण्यास योग्य असले तरी त्यात निर्जंतुकीकरणाचा क्लोरीन असतो आणि बोअरवेलच्या पाण्यात क्षार. स्वयंपाकघरातला आरओ पुरत नाही. त्याच्यापुढे रेझिनचा डबा जोडून टीडीएस मीटरवर आकडा शून्याला टेकवावा लागतो. आरओ एका लिटरमागे तीन-चार लिटर पाणी सोडून देतो. ते फरशी पुसायला, शौचालयाला वापरण्यासाठी ड्रम ठेवावा. उन्हाळ्यात पाणी आठवड्यातून मोजक्या वेळा येणाऱ्या भागात राहणाऱ्यांनी या हिशेबावर दोनदा विचार करावा.

खारेपणा मोजण्यासाठी रिफ्रॅक्टोमीटर घ्यावा. विशिष्ट गुरुत्व १.०२५ च्या आसपास, तापमान २४ ते २७ अंश, सामू ८ ते ८.४. एक गोष्ट नवखे लोक हमखास विसरतात: वाफ होते ती पाण्याची, मिठाची नव्हे. म्हणून रोजची घट साध्या शुद्ध पाण्यानेच भरायची. खारे पाणी घालत राहिले तर टाकी आठवड्यागणिक खारट होत जाते. फ्लोटवर चालणारी स्वयंचलित भरणी स्वस्त आणि उपयोगी असते.

लोकांना मोठी टाकी अवघड वाटते. पाण्याच्या बाबतीत उलट आहे. तांब्यात चिमूटभर मीठ जास्त पडले तर लगेच कळते, हंड्यात कळत नाही. सातशे लिटर पाण्यात बिघाड हळूहळू होतो आणि सावरायला वेळ मिळतो. पन्नास लिटरच्या टाकीत एक मेलेला मासा रात्रीत सगळ्यांना घेऊन जातो.

वीज: मीटर आणि इन्व्हर्टर

पंप, स्किमर आणि वेव्हमेकर मिळून सुमारे १३० वॅट चोवीस तास चालले तर महिन्याला ९४ युनिट होतात. जिवंत प्रवाळ नसल्याने ८० वॅटचे एलईडी आठ तास पुरतात. त्याचे १९ युनिट. म्हणजे ११३ युनिट. प्रवाळासाठीचे अडीचशे वॅटचे दिवे नऊ तास लावले असते तर नुसत्या दिव्यांचेच ६७ झाले असते. एप्रिल-मेमध्ये ४०० वॅटचा चिलर दिवसाला आठ तास चालला तर आणखी ९६ युनिट. कर्नाटकात २०२३ मध्ये सुरू झालेल्या गृहज्योती योजनेचा लाभ घेणाऱ्या घरांनी तर हा हिशेब आधी मांडावा. योजनेची कमाल मर्यादा दोनशे युनिटची ठरवलेली होती आणि त्यातही घराचा आधीचा सरासरी वापर पाहिला जात होता. टाकीने ही मर्यादा सहज ओलांडली जाऊ शकते.

बेळगावची हवा या छंदाला बरी म्हणायची. हिवाळ्यात रात्री गारठा पडतो, तेव्हा एका मोठ्याऐवजी अडीचशे वॅटचे दोन हीटर ठेवावेत. एक अडकला तरी मासे शिजत नाहीत आणि गारठतही नाहीत. उन्हाळ्यात पाण्यावर पंखा फिरवला तरी दोन-तीन अंश उतरतात, मात्र वाफ वाढते. ज्यांच्या खोलीत दुपारी पाणी तिशीपुढे जाते त्यांना चिलरशिवाय गत्यंतर नाही.

वीज गेल्यावर मासे उपाशी मरत नाहीत, गुदमरतात. साठलेल्या पाण्यातला प्राणवायू काही तासांत घटतो. सगळी यंत्रणा इन्व्हर्टरवर चढवायची गरज नाही. एकच वेव्हमेकर, सुमारे ४० वॅटचा, पृष्ठभाग हलता ठेवतो. घरातल्या नेहमीच्या १५० अँपिअर-तासांच्या बॅटरीची निम्मी शक्ती वापरली तरी तो पंधरा-वीस तास चालतो. पाऊस-वाऱ्याच्या दिवसांत हीच सोय टाकी वाचवते.

खारे पाणी आणि वीज यांची गाठ जिवावर बेतू शकते. टाकीसाठी स्वतंत्र लाईन, चांगले अर्थिंग आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी ही चैन नव्हे. प्लग टाकीच्या खाली नको, बाजूला उंचावर हवा. वायर प्लगकडे जाण्याआधी खाली झोळ देऊन वर न्यावी, म्हणजे तिच्यावरून ओघळणारा थेंब सॉकेटमध्ये न शिरता झोळाशी गळून पडतो.

विरजण लागू द्या

वाळू, खडक, खारे पाणी, पंप सारे तयार आहे. आता मासे आणायचे? नाही. आता थांबायचे. खडकांसाठी आपल्याकडचा जांभा वापरू नये, त्यात लोह भरपूर असते. सिमेंटचे खडक आधी काही आठवडे साध्या पाण्यात, पाणी बदलत, मुरवावे लागतात. नाहीतर सामू चढतो.

माशाच्या मलमूत्रातून अमोनिया तयार होतो. तो विषारी असतो. एका जातीचे जिवाणू त्याचे नायट्राईट करतात, तेही विषारी. दुसऱ्या जातीचे जिवाणू त्याचे नायट्रेट करतात, ते बरेच निरुपद्रवी. दूध तापवून ठेवले म्हणजे दही होत नाही, विरजण लागावे लागते, तसेच हे. रिकाम्या टाकीत थोडा अमोनिया किंवा चिमूटभर खाद्य घालून, बाटलीतले जिवाणू सोडून चार ते सहा आठवडे वाट पाहायची. घालून दिलेला अमोनिया एका दिवसात शून्यावर आला, नायट्राईटही शून्य दिसले, की टाकी लागली. खडक तपकिरी पडतात, मग हिरवे, मग हळूहळू स्वच्छ होतात. या काळात पाहुण्यांनी “मासे कुठे?” म्हणून विचारले तरी घाई करू नये. गणपतीच्या सुमारास पाणी भरले तर पहिले मासे दिवाळीच्या पुढेमागे, असा अंदाज ठेवावा.

मासे कोण, किती?

सुरुवात क्लाऊन माशाच्या जोडीने करावी. तो हॅचरीत वाढलेला मिळतो. आपल्या देशात केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने क्लाऊन माशांचे प्रजनन यशस्वी करून दाखवले आहे आणि नवी मुंबईत ऐरोलीच्या किनारी व सागरी जैवविविधता केंद्रातही अशी हॅचरी उभी राहिली. हॅचरीतला मासा कोरडे खाद्य खातो, काचेला बुजत नाही आणि त्याच्यासाठी समुद्रातला एकही मासा कमी होत नाही. समुद्रातून पकडलेल्या माशांची गोष्ट वेगळी. आग्नेय आशियात खडकांच्या कपारीत सायनाईड फवारून मासे गुंगवण्याची घातक रीत अनेक दशके चालत आली. असा मासा दुकानात ठणठणीत दिसतो आणि घरी आल्यावर काही दिवसांत मरतो. म्हणून प्रश्न विचारावा: हॅचरीचा की समुद्राचा? दुकानात किती दिवस झाले? माझ्यासमोर खाऊ घालाल का?

मुलांना सांगण्यासारखी गंमत म्हणजे सगळे क्लाऊन मासे जन्मतः नर असतात. वस्तीतला सर्वांत मोठा मासा मादी होतो. ती गेली की तिचा जोडीदार मादी बनतो. समुद्रात ते ॲनेमोनीत राहतात, पण टाकीत त्यांना ॲनेमोनी लागतेच असे नाही.

सातशे लिटर पाण्यात लहान चणीचे दहा-बारा मासे पुष्कळ झाले, तेही दोन-दोन करून, मध्ये दोन-तीन आठवडे सोडून. चित्रपटातला निळा ‘डोरी’ मासा दुकानात दोन इंचांचा असतो आणि पुढे फूटभर होऊ शकतो. तो घ्यायचा तर सर्वांत शेवटी आणि एकच. प्रत्येक नवा मासा आधी ऐंशी-शंभर लिटरच्या साध्या टाकीत चार आठवडे वेगळा ठेवावा. पांढऱ्या ठिपक्यांचा रोग तिथेच उघड होतो आणि तिथेच औषध देता येते. तांबेयुक्त औषध मोठ्या टाकीत कधीही घालू नये. कोळंबी, गोगलगाई मरतात आणि खडकात मुरलेले तांबे सहजी निघत नाही.

घरातल्या माणसांचे काय?

टाकी एकाची हौस म्हणून येते आणि सहा महिन्यांनी घरातल्या बाईच्या गळ्यात पडते, हा अनुभव घरोघरी ऐकू येतो. म्हणून कामे आधीच वाटून घ्यावीत. रोज दहा मिनिटे पुरतात: तापमान पाहणे, मासे मोजणे, खाणे देणे. हे काम सहावी-सातवीतल्या मुलाला वहीसकट द्यावे. आठवड्याला काच पुसणे आणि पाण्याची चाचणी, पंधरवड्याला पाणी बदलणे. सत्तर लिटरच्या बादल्या उचलणे आजोबांचे काम नव्हे, त्यासाठी छोटा पंप आणि पाईप घ्यावा. जत्रेला, लग्नाला गावी जायचे तर मोठे मासे दोन-तीन दिवस न खाताही राहतात. शेजाऱ्याला डबा सोपवून जाण्यापेक्षा दिवसागणिक पुड्या बांधून द्याव्यात. उपासाने मरणाऱ्यांपेक्षा शेजारधर्माच्या जादा खाण्याने मरणारे मासे अधिक.

एक प्रश्न घरातल्या सर्वांनी मिळून सोडवावा. टाकी नकोशी झाली तर मासे कुठे जाणार? क्लाऊन मासा वीस वर्षेही जगू शकतो. त्यांना किनाऱ्यावर नेऊन समुद्रात सोडणे हे पुण्य नव्हे. परक्या समुद्रातला मासा आणि त्याच्याबरोबरचा रोग तिथल्या जीवांना घातक ठरतो. परत घेणारा दुकानदार किंवा दुसरा हौशी माणूस आधीच ठाऊक असावा.

पैसे देण्यापूर्वी

टाकीची ऑर्डर देण्याआधी पुढील गोष्टी कागदावर उतरवाव्यात.

१. जागेचा भार इंजिनिअरने पाहिला आहे का?
२. आरओ, रेझिन आणि सोडलेल्या पाण्याच्या ड्रमची जागा ठरली का?
३. वर्षाचे साठ किलो मीठ आणि महिन्याचे शंभर-दोनशे युनिट खिशाला झेपतात का?
४. स्वतंत्र लाईन, आरसीसीबी आणि इन्व्हर्टरची सोय झाली का?
५. मासे आणि खडक कुठून आले याचे बिल दुकानदार देतो का?
६. रोजची दहा मिनिटे कोणाची?

सहापैकी एकाचेही उत्तर अडले तर टाकी सहा महिने पुढे ढकलावी, समुद्र कुठे पळून जात नाही. तोवर मुलांना घेऊन नेत्राणीला किंवा मालवणला जाऊन यावे. पोहण्याचा चष्मा लावून खाली पाहिलेला जिवंत हवळ त्यांच्या लक्षात राहील, आणि तो तिथेच का ठेवायचा हेही कळेल. मग घरच्या टाकीत हॅचरीतला नीमो कृत्रिम खडकाआडून डोकावला, तरी तेवढ्याने त्यांचे समाधान होईल.